कादंबरीचा टंच कुणी काढायचा?

(हुपरी येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



नवी ऐतिहासिक कादंबरी आली की पहिल्या आठ-दहा दिवसांत काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. प्रकाशन होतं, शाल-श्रीफळ होतं, आणि दुसऱ्या दिवसापासून लेखक आपल्याला आलेले अभिप्राय लोकांपुढं ठेवायला लागतो. कुणाचा व्हॉट्सअॅपवरचा निरोप, कुणाचं हातानं लिहिलेलं पत्र फोटो काढून, कुणा निवृत्त गुरुजींचा रात्री अकरा वाजता फोन आला त्याची हकिकत. खाली लेखकाची एक ओळ असते, आपल्या प्रेमाचा ऋणी आहे म्हणून. आजचा आमचा विषय हाच आहे. पुस्तक अजून नीट वाचलंही गेलेलं नसताना त्याच्याबद्दल जे पहिलं बोललं जातं, आणि जे लेखक स्वतः गावभर वाटतो, त्याचं करायचं काय?

विषय किरकोळ वाटेल. कुणी म्हणेल, लेखकाला चार बरे शब्द मिळाले, त्यानं चारचौघांना दाखवले, तुमचं काय गेलं? आमचं काय गेलं ते पुढं सांगतो. आधी हे अभिप्राय जरा उलटून-पालटून बघू.

गेली दोन-तीन वर्षं आम्ही कादंबऱ्यांबरोबर त्यांचे अभिप्रायही मन लावून वाचतोय. पुस्तकं वेगळी, शतकं वेगळी, नायक वेगळे, पण अभिप्राय एकच. शब्द बदलून तोच. पहिला असतो, ‘एका बैठकीत संपवली.’ आता बघा, ऐतिहासिक कादंबरी सहाशे पानांची तर असतेच. तासाला चाळीस पानं धरली तरी पंधरा तास होतात. (हशा.) बैठक म्हणायची का उपोषण? पण चेष्टा सोडा. या वाक्यात कादंबरीबद्दल एवढंच कळतं की ती कुठं अडवत नाही. आणि अडवत नाही हा गुणच आहे असं कुणी ठरवलं? काही कादंबऱ्यांनी वाचणाऱ्याला अडवायलाच पाहिजे. मान वर करून खिडकीबाहेर बघायला लावलं पाहिजे.

दुसरा अभिप्राय, ‘इतिहास डोळ्यांसमोर जिवंत उभा राहिला.’ हा सगळ्यात आवडता. आम्ही विचारतो, उभा राहिला तो इतिहासच होता हे ओळखलं कशावरून? आपण कुणी तो काळ बघितलेला नाही. म्हणजे आपल्या डोक्यात आधीपासून जे चित्र आहे, शाळेच्या पुस्तकातलं, दिनदर्शिकेवरचं, सिनेमातलं, त्याच्याशी कादंबरीतलं चित्र जुळलं, एवढाच याचा अर्थ. मग ही स्तुती झाली का हो? लेखकानं पाच वर्षं कागदपत्रं चाळली आणि आम्हाला आमच्याच भिंतीवरचं चित्र परत दिलं, असाही तिचा अर्थ निघतो.

तिसरा, ‘अंगावर काटा आला.’ इथं जरा थांबू, कारण ऐतिहासिक कादंबरीची सगळी गोम इथं आहे. सामाजिक कादंबरीच्या लेखकाला आपला नायक शून्यातून उभा करावा लागतो. वाचकाला त्याची ओळख नसते, प्रेम नसतं, तो पैसा-पैसा करून मिळवावा लागतो. ऐतिहासिक कादंबरीच्या लेखकाला मात्र भरलेली तिजोरी मिळते. महाराजांचं नाव पानावर आलं की काटा येतोच. पोवाड्याच्या पहिल्या कडकडाटाला येतो, गडाची शेवटची पायरी चढताना येतो. हा काटा महाराजांच्या पुण्याईचा. त्यात लेखकाची कमाई किती, हे अभिप्रायात कुठंच येत नाही. आमच्याकडं एक साधी परीक्षा आहे. प्रसंग वाचताना नायकाचं नाव झाकायचं आणि तिथं कुणातरी अनोळखी सरदाराचं नाव घालायचं. तरी प्रसंग पकडून ठेवतो का? ठेवला तर ती लेखकाची कमाई.

चौथा अभिप्राय, ‘प्रत्येक मराठी घरात हे पुस्तक हवंच.’ ही मागणी झाली, मत नव्हे. सोडून देऊ.

हे सगळं ऐकून लेखकावर रागवू नका. त्याच्याही बाजूनं बघायला हवं. मराठी कादंबरीची आवृत्ती बहुतेक वेळा हजार प्रतींची. तीही संपेल की नाही याची काळजी. पूर्वी रविवारच्या पुरवणीत पुस्तकाचं परीक्षण यायचं. ते येईपर्यंत निदान ‘साभार पोच’मध्ये नाव तरी लागायचं. आता ती जागा आक्रसत चालली. प्रकाशक दहा पुस्तकांच्या गडबडीत. मग लेखकानं आपल्या पुस्तकाची दवंडी स्वतः नाही पिटायची तर कुणी पिटायची? आणि हे आजचंच आहे असंही नाही. मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणून ज्या ‘मोचनगड’चं नाव घेतात, ती रा. भि. गुंजीकरांची. १८७१ साली ती ‘विविधज्ञानविस्तार’मध्ये येऊ लागली, आणि त्या मासिकाचे संपादक होते खुद्द गुंजीकर. हरिभाऊ आपट्यांचं ‘उषःकाल’ १८९५ ते १८९७ मध्ये ‘करमणूक’मध्ये आलं. ‘करमणूक’ कुणाचं? हरिभाऊंचंच. दुकान आपलं, माल आपला. न आवडणाऱ्या वाचकाला पुढच्या वर्षाची वर्गणी न पाठवणं हाच काय तो अभिप्राय.

परदेशातही फार वेगळं नव्हतं. ऐतिहासिक कादंबरीचा बाप म्हणतात त्या सर वॉल्टर स्कॉटनं १८१७ साली एका नामांकित नियतकालिकात, नाव न देता, आपल्याच कादंबऱ्यांच्या परीक्षणाला हातभार लावला. अमेरिकेत वॉल्ट व्हिटमननं १८५५ साली आपला कवितासंग्रह पदरमोड करून छापला आणि एक प्रत इमर्सन या मोठ्या विचारवंताला पाठवली. इमर्सननं कौतुकाचं खाजगी पत्र धाडलं. व्हिटमननं न विचारता ते वर्तमानपत्रात छापू दिलं, आणि १८५६ च्या दुसऱ्या आवृत्तीच्या कण्यावर त्यातलं एक वाक्य सोनेरी अक्षरांत ठोकून दिलं. आजचा आपला लेखक मोबाईलच्या पडद्याचा फोटो काढून पाठवतो तो यापेक्षा सभ्यच म्हणायचा.

तेव्हा अभिप्राय वाटण्याला आमचा विरोध नाही. कोणता अभिप्राय वाटायचा, एवढाच प्रश्न आहे. आणि त्याचं उत्तर शोधायला लांब जायला नको. आपल्याच जिल्ह्यात ते मिळतं.

मराठी ऐतिहासिक, पौराणिक कादंबरीचा नकाशा काढला तर कोल्हापूर जिल्ह्यावर बोट ठेवावंच लागतं. ‘मृत्युंजय’ आणि ‘छावा’ लिहिणारे शिवाजी सावंत आजऱ्याचे. ‘पानिपत’वाले विश्वास पाटील नेर्ल्याचे. आणि रणजित देसाई चंदगड तालुक्यातल्या कोवाडचे, ताम्रपर्णीच्या काठचे. देसाईंची ‘स्वामी’ १९६२ ला आली, तिला १९६४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. थोरल्या माधवरावांना लोक विसरले नव्हते, पण माधवराव आणि रमाबाई ही जोडी घराघरात गेली ती ‘स्वामी’मुळं. पुढं १९८० च्या दशकात दूरदर्शनवर मालिका झाली, रवींद्र मंकणी आणि मृणाल देव. तेव्हापासून तर माधवराव म्हटलं की तोच चेहरा. ‘स्वामी’ आल्यावर वाचकांनी पहिल्या महिन्यात काय म्हटलं असेल याचा अंदाज करायला पंडित लागत नाही. थेऊरचा शेवट वाचून रडू आलं, हेच म्हटलं असणार. आणि ते खोटं नाही. आम्हीही रडलो. नाव झाकण्याच्या आमच्या परीक्षेत तो शेवट उतरतो. माधवराव कोण हे ठाऊक नसलेल्या माणसालाही सत्ताविसाव्या वर्षी क्षयानं झिजत चाललेला तो तरुण चटका लावतो.

पण हा रडवणारा अभिप्राय काय झाकतो ते बघा. पानिपत झालं १७६१ ला. त्याच साली सोळा वर्षांचा मुलगा पेशवा झाला. १७६३ ला राक्षसभुवनला निजामाचा पराभव केला, हैदरावर स्वाऱ्या केल्या, आणि १७७२ ला जायच्या आधी मराठी फौजांनी दिल्लीत बादशहाला परत गादीवर बसवलं होतं. अकरा वर्षांत मोडलेलं राज्य सावरणारा कारभारी माणूस होता तो. ‘स्वामी’त हा कारभारी आहे, नाही असं नाही. पण शनिवारवाड्यातल्या दालनांत, काका-पुतण्याच्या ताणात आणि रमाबाईंच्या सहवासात कादंबरी जितकी रमते तितकी ती हिशेबाच्या वह्यांत रमत नाही, आणि उत्तरेची मोहीम तर लांबच राहते. देसाईंचा जीव घरात. ही त्यांची ताकद आणि हीच त्यांची मर्यादा. आणि ‘रडू आलं’ या शब्दांत यातलं काहीही मावत नाही.

आता मुख्य गोष्ट. ‘स्वामी’नं एवढं यश दिल्यावर देसाईंनी शिवछत्रपतींना हात घातला. ‘श्रीमान योगी’ आली १९६८ ला. लेखक चाळीस वर्षांचा, नाव झालेलं, पुरस्कार मिळालेला. त्यानं कादंबरीच्या तोंडाशी चार मोठ्या माणसांचे आशीर्वाद छापले असते तर कुणी बोट ठेवलं नसतं. देसाईंनी काय केलं? नांदेडचे नरहर कुरुंदकर, वयानं आपल्यापेक्षा चार वर्षांनी लहान, भाषा धारदार, भीड कशाची नाही, अशा माणसाचं आपल्याला लिहिलेलं लांबलचक पत्र प्रस्तावना म्हणून कादंबरीच्या आधी छापलं. आजही ‘श्रीमान योगी’ उघडा, राजे भेटायच्या आधी कुरुंदकर भेटतात.

हे पत्र ज्यांनी वाचलं नसेल त्यांना सांगतो, ते परीक्षण नव्हे. स्तुतिपत्र तर नव्हेच. त्यातला बहुतेक मजकूर कादंबरीबद्दल नाहीच, शिवाजी या माणसाबद्दल आहे. साधनं काय सांगतात, कुठं गप्प बसतात, कुठं एकमेकांशी भांडतात, आपण कौतुकाच्या भरात काय चिकटवलं आणि काय पुसून टाकलं, याचा तो पंचनामा आहे. कुरुंदकरांना चमत्कारांत रस नाही. लढाया जिंकणारे राजे जगात पुष्कळ झाले, मग या राजाचं वेगळेपण कशात, हा त्यांचा प्रश्न. शिवाजीविषयी त्यांनी जे लिहिलं त्यात एक मुद्दा असा आहे की तो एकदा वाचला की डोक्यातून जात नाही. राजा गेला की राज्य पडतं, पगारी सैन्य धनी बदलतं, असा जगाचा नियम. इथं १६८० ला महाराज गेले, १६८९ ला संभाजीराजांना मारलं, राजाराम जिंजीला गेले, बादशहा खुद्द दक्षिणेत ठाण मांडून बसला, आणि तरी १७०७ पर्यंत, म्हणजे सत्तावीस वर्षं, इथला साधा माणूस लढत राहिला. त्याला हे राज्य आपलं वाटत होतं. का वाटत होतं? कुरुंदकर महाराजांचं मोठेपण तिथं शोधतात. जमिनीच्या व्यवस्थेत, रयतेला मिळालेल्या संरक्षणात, कारभारात.

आता गंमत अशी की हे वाचून तुम्ही पान उलटता आणि देसाईंची कादंबरी सुरू होते. तिथले महाराज कसे आहेत? आईचा शब्द जपणारे. सईबाईंच्या आठवणीनं व्याकूळ होणारे. मुलाच्या वागण्यानं आतून तुटणारे. एवढ्या मोठ्या पसाऱ्यात एकटे. पत्रातले महाराज राज्य उभारतायत, कादंबरीतले महाराज घर सांभाळायला धडपडतायत. दोन्ही एकाच पुठ्ठ्याच्या आत. आमचं स्पष्ट मत सांगतो, पत्रानं जो प्रश्न उभा केला त्याला कादंबरी पुरी पडत नाही. रयतेला हे राज्य आपलं का वाटलं, हे कादंबरीतून आम्हाला पुरेसं कळलं नाही. रयत तिथं आहे ती मुजरा करायला आणि जीव द्यायला. शेतसाऱ्याची कटकट मिटली म्हणून सुखानं झोपणारा कुणबी तिथं फारसा भेटत नाही.

पण हे आम्हाला म्हणता येतं ते कशामुळं? पत्र तिथं छापलंय म्हणून. देसाईंनी आपल्या कादंबरीला मोजायची फूटपट्टी स्वतःच कादंबरीच्या पहिल्या पानांवर ठेवली. आपल्यापेक्षा वेगळं बघणारा माणूस दारातच उभा केला आणि वाचकाला म्हटलं, आधी यांचं ऐका, मग आत या. याला छाती लागते. आणि नुकसान काय झालं त्यांचं? काहीच नाही. कादंबरी खपली, आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या, पिढ्या वाचतायत. पत्रही टिकलं.

कुणी म्हणेल, ही प्रस्तावना आहे, पहिला अभिप्राय कसा? नावाला काय महत्त्व? कादंबरीकारानं आपल्या कामाच्या आसपास दुसऱ्या जाणत्या माणसाचं म्हणणं मिळवलं आणि वाचकाच्या हाती दिलं, क्रिया तीच. फरक एवढाच की आज जे वाटलं जातं त्यात ‘पण’ हा शब्द नसतो.

हुपरीत बोलतोय, तर तुमच्याच धंद्यातलं बोलू. इथं पैंजण घडतात. चांदी आटते, पट्टी निघते, तार ओढली जाते, कडी कडीला जोडली जाते, घुंगरू लागतात. आणि माल पुढं गेला की टंच निघतो. घडवणाऱ्यानं ‘माझ्या मालाचा टंच अमुक’ असं स्वतःच सांगितलं आणि पाहुण्या-रावळ्यांच्या चार चिठ्ठ्या जोडल्या, तर घेणारा काय म्हणेल? चहा घ्या म्हणेल आणि तपासायला पाठवेल. (हशा.) तपासणारा परका असावा लागतो. तो घडवणाऱ्याचा वैरीही नसतो आणि भाऊबंदही नसतो.

आणखी एक. जोडायला झाळ लागते. झाळीनं टंच थोडा उतरतो, हे तुम्ही आम्हाला शिकवायचं. पण झाळ नको म्हटलं तर पैंजण होत नाही, नुसते सुटे तुकडे राहतात. ऐतिहासिक कादंबरीचं असंच आहे. एक कागद १६५९ चा, एक १६६१ चा, मध्ये दोन वर्षं रिकामी. तिथं लेखकाची कल्पना ही झाळ. ती वापरली म्हणून आम्ही त्याला खोटारडा म्हणत नाही. ‘इतिहासाशी प्रतारणा’ अशी आरोळी ठोकणाऱ्यांत आम्ही नाही. पण अख्खा पैंजण झाळीचाच ओतला आणि वर चांदीचा मुलामा दिला, तर ते सांगणारा कुणीतरी पाहिजे की नको? ‘अंगावर काटा आला’ म्हणणारा वाचक हे सांगू शकत नाही. त्याचा दोष नाही, ते त्याचं काम नव्हे. ज्यानं बखरी, पत्रं, शकावल्या हाताळल्यात त्याचं ते काम. किंवा ज्यानं शंभर कादंबऱ्या वाचून कादंबरीचं अंग ओळखलंय त्याचं. आपल्या कोल्हापुरात विजापूरकर मास्तर ‘ग्रंथमाला’ चालवत होते. त्यात १९०२ साली इतिहासाचार्य राजवाड्यांनी ‘कादंबरी’ नावाचा निबंध लिहिला. इतिहासाचे कागद गोळा करत आयुष्यभर वणवण केलेला माणूस, पण मराठी कादंबरीला युरोपातल्या कादंबरीशेजारी उभं करून मापायला बसला. आपल्याकडं ही परंपरा आहे. आपणच ती अडगळीत टाकली.

तर, आमचं काय गेलं म्हणून मघाशी विचारलं होतं, त्याचं उत्तर आता देतो. २०२५ साली ‘छावा’ चित्रपट आला, शिवाजी सावंतांच्या १९७९ च्या कादंबरीवरून. चित्रपट चालला, तुफान चालला. आणि मार्चमध्ये बातम्या आल्या, मध्य प्रदेशात बुऱ्हाणपूरजवळ असीरगडाच्या पायथ्याशी लोक रात्री बॅटऱ्या घेऊन शेतं खणतायत. का? तर पडद्यावर बघितलं, मोगलांचं सोनं तिथं आहे. ऐकून हसू येतं. पण त्या माणसांनी नवीन काय केलं? कथेला इतिहास समजले, एवढंच. आपण शहाणी माणसं फावडं घेत नाही, पण तेच करतो. शाळांच्या वक्तृत्व स्पर्धेत पोरं कादंबरीतला संवाद महाराजांचं वाक्य म्हणून ठणकावून सांगतात आणि परीक्षक टाळ्या वाजवतात. ‘महाराज म्हणाले होते’ म्हणून सकाळी-सकाळी आपल्या फोनवर जे येतं, त्यातलं कितीतरी महाराज म्हणाले नव्हते, कुठल्या तरी कादंबरीकारानं रात्री टेबलाशी बसून लिहिलं होतं. आणि याची सुरुवात कुठं होते? पुस्तक आल्यावर पहिल्या आठवड्यात. ‘इतिहास जिवंत केलात’ हा अभिप्राय लेखक आनंदानं वाटतो तेव्हा. एका शब्दानं त्यानं म्हणावं ना, अहो, ही कादंबरी आहे, यातलं अमुक मी रचलंय.

दुसरी बाजू याहून वाईट. इथून जवळच्या कागलचे आनंद यादव. ‘झोंबी’सारखं पुस्तक देणारा माणूस. त्यांची ‘संतसूर्य तुकाराम’ ही कादंबरी २००८ ला आली. तुकोबांच्या तरुणपणाचं जे चित्रण त्यात होतं त्यावर वारकऱ्यांनी आक्षेप घेतला. यादवांनी माफी मागितली, पुस्तक मागं घेतलं, २००९ च्या महाबळेश्वरच्या साहित्य संमेलनाचं निवडून आलेलं अध्यक्षपद सोडलं. ते संमेलन अध्यक्षाविना झालं. त्या वादाचं सगळं बरं-वाईट आज काढत नाही. पुस्तक मागं घ्यावं लागणं आम्हाला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. पण आक्षेप घेणाऱ्यांचा मूळ प्रश्न ऐका. तो होता, याला आधार काय? साधा प्रश्न आहे. रास्त प्रश्न आहे. त्याला शांतपणे उत्तर देण्याची, म्हणजे इथपर्यंत गाथा, इथपर्यंत परंपरा, इथून पुढं माझी कल्पना, असं दाखवण्याची आणि ते ऐकून घेण्याची सवय आपल्या वाचनव्यवहाराला असती, तर प्रकरण वेगळ्या वळणावर गेलं असतं असं आम्हाला वाटतं. आपल्याकडं दोनच आवाज मोठे. आधी आरती, नाहीतर मग मोर्चा. मधला आवाज, म्हणजे ‘आवडलं, पण इथं पटलं नाही, आणि का ते सांगतो,’ हा कुणी मागतच नाही. लेखक मागत नाही, प्रकाशक छापत नाही.

आणि वाचकही देत नाही, हे कबूल केलं पाहिजे. ओळखीच्या लेखकानं पुस्तक भेट दिलं, आत सही करून ‘सप्रेम’ लिहिलं, की आपली जीभ जड होते. दोन महिन्यांनी तो भेटतो, विचारतो, वाचलंत का? आपण म्हणतो, छान, छान झालंय. आणि तो बिचारा ते ‘छान’ घेऊन जातो आणि वाटतो. पाच वर्षं राबलेल्या माणसाला आपण एक ‘छान’ देऊन वाटेला लावलं. यात प्रेम कमी, कंटाळा जास्त. पान १८० वरचा प्रसंग कोरडा का वाटला हे त्याला समजावून सांगायला तासभर बसावं लागतं. तो तास आपण देत नाही.

लेखकांना काय सुचवावं? पुस्तक छापायच्या आधी एक प्रत अशा माणसाला द्या ज्याची तुम्हाला थोडी भीती वाटते. इतिहासातला एक, वाङ्मयातला एक. त्यांनी जे लिहून दिलं त्यातली टोचणारी चार वाक्यं निवडा आणि तीच आधी लोकांपुढं ठेवा. खाली तुमचं उत्तर लिहा. पटलं तर पटलं म्हणा, नसेल तर भांडा. आम्ही सांगतो, असं एक भांडण छापलंत तर शंभर ‘एका बैठकीत’पेक्षा जास्त वाचक पुस्तक शोधत येतील. कारण भांडण कशावरून आहे हे बघायला माणूस थांबतोच, हुपरीच्या चौकात काय आणि पुस्तकात काय. (हशा, टाळ्या.)

जाता जाता एक काम सांगतो. गावातल्या नाहीतर तालुक्याच्या वाचनालयात जा. ‘श्रीमान योगी’ची जुनी प्रत काढा, तीस-चाळीस वर्षांपूर्वीची असेल तर उत्तम. कडेनं बघा. अफजलखानाची पानं काळवंडलेली दिसतील, आग्र्याची पानं सुटायला आलेली असतील, कुणीतरी डिंकानं चिकटवली असतील. आणि मग पुढची पानं बघा, पत्राची. आम्ही जिथं जिथं ही प्रत हातात घेतली तिथं ती पानं बहुतेक कोरी करकरीत दिसली. एका प्रतीत मात्र कुणीतरी त्या पत्राच्या समासात पेन्सिलीनं बारीक अक्षरांत लिहून ठेवलं होतं, ‘हे मान्य नाही’, आणि शेजारी बाण काढून कादंबरीतल्या पानांचे आकडे. कोण होता तो वाचक, नाव नाही. त्यानं दिलेली पानं आम्ही काढून बघितली. दोन ठिकाणी त्याचं बरोबर होतं.

प्रश्न असतील तर आता घेऊ. माईक तिकडं मागं द्या जरा, बसल्या आहेत त्या ताईंना.